भूक एका कथेत, भूत दुसऱ्या कथेत

व्याख्येपुरते

मराठी वाचकाला अंधाराच्या गोष्टींचे वावडे कधीच नव्हते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर एक पिढी वाढली, नारायण धारपांनी पुढच्या पिढीची झोप उडवली, रत्नाकर मतकरींनी गूढकथेला मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणून बसवले. या लेखात ज्या प्रकाराविषयी लिहायचे आहे तो या तिघांच्या शेजारचा असला तरी वेगळा आहे. त्याला मी काळोखी कथा म्हणतो. फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली काही अमेरिकी चित्रपटांना ‘नुआर’, म्हणजे काळे, म्हटले आणि पुढे हे विशेषण गोष्टींनाही लागले. वस्तू मात्र नावाहून जुनी आहे.

रहस्यकथेत घडी विस्कटते आणि शेवटी गुप्तहेर ती बसवून देतो. भयकथेत संकट बाहेरून येते: वाड्यातून, विहिरीतून, अमावास्येतून. काळोखी कथेत घडीच मुळात गुन्ह्यावर बसलेली असते. गुन्हेगार सापडला तरी काही सुटत नाही, कारण ज्या व्यवहारातून तो निपजला तो व्यवहार दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू होतो. म्हणून अशी कथा वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. सांगतो कोण, ऐकतो कोण, आणि दोष शेवटी कुणाच्या दारात जाऊन पडतो. पुढचे सगळे विवेचन या तीन कसोट्यांवर आहे.

या प्रकाराचा अभ्यास करायला हैतीइतका चांगला देश शोधून सापडणार नाही. एडविज दांतिका या हैतीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत लिहिणाऱ्या कथाकर्तीने संपादित केलेला ‘हैती नॉयर’ हा संग्रह २०११ च्या जानेवारीत आला. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने पोर्ट-ओ-प्रिन्स शहर जमीनदोस्त केले, त्याला तेव्हा वर्ष होत होते. पण भूकंपाने त्या देशाला काळोख दिला असे नव्हे. गुलामांनी बंड करून १ जानेवारी १८०४ रोजी हा देश स्वतंत्र केला आणि १८२५ मध्ये फ्रान्सने त्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. गुलामांनी आपल्या सुटकेचे पैसे आपल्या जुन्या मालकांना द्यायचे, असा तो हिशेब. पुढे १९१५ ते १९३४ अमेरिकी सैन्य तिथे तळ ठोकून होते. १९५७ ते १९८६ द्युव्हालिए बापलेकांची राजवट होती. त्यांच्या खासगी दलाला लोक ‘तोंतों माकूत’ म्हणत. हे नाव लोककथेतले, व्रात्य पोरांना झोळीत घालून नेणाऱ्या म्हाताऱ्याचे. आपल्याकडे पोरांना झोपवायला बागुलबुवा सांगतात तो एक दिवस बंदूक घेऊन दारात उभा राहिला, अशी ही गत.

एवढ्या लांबच्या देशाकडे हिंगोलीहून का पाहायचे? दोन ठिकाणांचा इतिहास सारखा आहे असा माझा दावा नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा टापू १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि शेवटच्या वर्षांत त्याने रझाकारांची दहशत पाहिली. एवढ्यावरून त्याची हैती होत नाही. पण काळोखी कथेच्या इतिहासात हिंगोलीचे एक पक्के ठिकाण आहे. परक्या लेखकाच्या हातून हैतीच्या काळोखाचे जे झाले, तेच हिंगोलीच्या काळोखाचे नव्वद वर्षे आधी झाले होते.

छावणीतला व्यापारी

इंग्रजीत हिंदुस्थानावरची पहिली गाजलेली गुन्हेकादंबरी म्हणजे ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. १८३९ साली ती लंडनमध्ये तीन खंडांत निघाली. लेखक फिलिप मेडोज टेलर निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. कादंबरीत अमीर अली हा ठग तुरुंगात बसून साहेबाला आपली हकीकत सांगतो. सातशे एकोणीस माणसांच्या हत्येत आपला हात होता हे तो अभिमानाने सांगतो, आणि पकडलो गेलो नसतो तर आकडा हजारावर नेला असता अशी हळहळही व्यक्त करतो. वाचकाच्या अंगावर काटा यावा म्हणून भवानीचे शकुन, कुदळीची पूजा, गूळ खाण्याचा विधी, रुमालाचा फास हे सगळे तपशीलवार येते.

कादंबरीपेक्षा तिची प्रस्तावना जास्त काळी आहे, आणि ती हिंगोलीची आहे. निजामाच्या फौजेची छावणी तेव्हा हिंगोलीत होती. टेलर लिहितो की त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या हरीसिंग हा छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरने आणि इतर अधिकाऱ्यांनी त्याच्याशी खरेदी-विक्री केलेली होती. एकदा त्याने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. ते कापड जवळच्याच एका गावचा व्यापारी घेऊन येत आहे हे त्याला ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना वाटेत मारले, माल साहेबाच्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत या टोळीने माणसे मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. ते खड्डे उकरले तेव्हा टेलर स्वतः तिथे हजर होता.

काळोखी कथेला लागणारे सगळे या परिच्छेदात आहे. परवाना खरा आहे, सही खरी आहे, माल खरा आहे, गिऱ्हाईक खरे आहे. फक्त मधली माणसे नाहीत. छावणीला स्वस्त कापड हवे होते, ते मिळाले, आणि कुणी काही विचारले नाही. इथे खून आणि कारभार एकाच दारातून आत येतात. टेलरने हे सूत्र धरून कादंबरी लिहिली असती तर तो आपल्या काळाच्या फार पुढे गेला असता. पण प्रस्तावना संपते आणि परवाना गायब होतो. त्या जागी देवी येते, शकुन येतात, जन्मजात खुनशी वृत्ती येते. काळोख कारभारातून उचलून लोकांच्या श्रद्धेत नेऊन ठेवला जातो.

याचे परिणाम पुस्तकापुरते राहिले नाहीत. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा ठरला, मग हातून काही घडलेले असो वा नसो. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांना गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. ठगी हा एकसंध धर्मपंथ होता की वाटमारीच्या वेगवेगळ्या धंद्यांना इंग्रजांनी दिलेले एकच नाव होते, यावर अलीकडच्या इतिहासकारांनी बराच वाद घातला आहे. वाद कुठेही जावो, कथेच्या दृष्टीने एक गोष्ट पक्की आहे: सांगणारा ठग असला तरी ऐकणारा साहेब आहे, आणि ऐकणाऱ्याच्या दारात दोष पडत नाही.

लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लातूरकडचा, गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला हा माणूस स्वतःच स्वतःची हकीकत सांगतो आणि ऐकणारा आता आपल्यातलाच असतो. ते आत्मकथन आहे, कथा नव्हे. पण ‘कन्फेशन्स’च्या शेजारी ठेवून वाचले की काय उलटले ते लगेच दिसते. तिथे चोरीमागे देवी होती, इथे चोरीमागे पोट आणि पोलीस ठाणे आहे.

ऊस आणि मढी

आता हैती. १९२९ साली, अमेरिकी सैन्य तिथे असतानाच, विल्यम सीब्रूक या अमेरिकी प्रवाशाने ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक लिहिले आणि ‘झोंबी’ हा प्राणी जगाला दाखवला. तीन वर्षांत त्यावर चित्रपट निघाला आणि तेव्हापासून झोंबी जगभर फिरतो आहे. सीब्रूकचे हेतू टेलरहून वेगळे नव्हते. वाचकाला घाबरवायचे होते आणि भीतीचे मूळ काळ्या माणसाच्या पूजाविधीत दाखवायचे होते.

पण पुस्तकातले झोंबी करतात काय? ते ऊस तोडतात. सीब्रूकला सांगितलेल्या गोष्टीत ती जोझेफ नावाचा एक माणूस फाटक्या, मुक्या, शून्य नजरेच्या मजुरांची टोळी घेऊन हास्को या हैतियन-अमेरिकन साखर कंपनीच्या फडावर येतो. ही माणसे डोंगराकडची आहेत, त्यांना यंत्रांच्या आवाजाची भीती वाटते, तेव्हा त्यांना इतरांपासून दूरच्या फडात काम द्या, असे तो सांगतो. दिवसभर ती मढी राबतात. आठवड्याची मजुरी जोझेफ उचलतो. त्यांना मीठ घातलेले अन्न द्यायचे नाही एवढीच खबरदारी घ्यायची असते, कारण मीठ चाखले की आपण मेलो आहोत हे त्यांना कळते. एकदा जोझेफच्या बायकोला दया येते, ती त्यांना खारे दाणे घातलेली गोळी खाऊ घालते, आणि ती सगळी माणसे ओरडत आपापल्या गावच्या स्मशानाकडे चालू लागतात.

मराठवाड्यातला कुणीही हे वाचून ऊसतोडीच्या मुकादमाला ओळखील. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, टोळीने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचे, पाचटाच्या कोप्यांत राहायचे, एक दिवस चुकला की खाडा, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी पुन्हा तिकडेच. कारखाना मजुराला ओळखत नाही, मुकादमाला ओळखतो. मजुरी मुकादमाच्या हातून येते. सीब्रूकच्या गोष्टीतही कंपनी मेलेल्यांची नावे विचारत नाही. हिंगोलीच्या छावणीने कापडाबद्दल काही विचारले नाही, तसेच.

म्हणजे बाहेरून आलेल्या दोन्ही लेखकांच्या हाती खरी काळोखी कथा आपोआप पडली होती. एकाने परवाना पाहिला, दुसऱ्याने मजुरीपत्रक पाहिले, आणि दोघांनीही ते बाजूला सारून देवदेवस्की लिहिली.

हैतीच्या लेखकांनी नंतर जे केले ते महत्त्वाचे आहे, आणि माझ्या मते मराठीने ते पुरते केलेले नाही. त्यांनी झोंबी टाकून दिला नाही. ‘ही परक्यांनी पसरवलेली अंधश्रद्धा आहे, आम्ही वास्तववादी आहोत’ असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. फ्रांकेतिएन यांनी १९७५ मध्ये ‘देझाफी’ लिहिली. हैतीच्या क्रिओल या लोकभाषेतली ती पहिली कादंबरी. तिच्यात सेंतील नावाचा भगत मेलेल्या माणसांकडून भातशेती करून घेतो. त्याचीच मुलगी एका झोंबीच्या प्रेमात पडते आणि त्याला मीठ देते. तो जागा होतो आणि बाकीच्यांना मीठ वाटत सुटतो. द्युव्हालिए राजवटीत राहून, तिथेच छापून हे लिहिलेले आहे. हुकूमशहाने स्वतःभोवती स्मशानदेवतेचे वलय उभे केले होते. लेखकाने तेच भूत उचलले आणि त्याच्या तोंडात मीठ घातले. कादंबरी असली तरी पुढच्या हैतीयन कथेला तिने ही वाट दाखवली: भुताला नाकारायचे नाही, त्याची मजुरी कोण उचलतो ते विचारायचे.

त्याआधी, १९४४ मध्ये, जाक रूमेन यांच्या मृत्यूनंतर त्यांची ‘दवाचे धनी’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी निघाली. तिचा नायक मान्युएल क्युबात ऊस तोडून आपल्या कोरड्या गावी परततो, पाण्याचा झरा शोधतो आणि भाऊबंदकीच्या वैरातून मारला जातो. दुष्काळ, परक्याचा ऊस, वाटण्यांचे भांडण. यातले काय आपल्याला अनोळखी आहे?

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या हुकूमशहाने सीमेवरच्या हजारो हैतीयनांची कत्तल करवली. तिथल्या उसात राबायलाही कित्येक हैतीयन जात. तेव्हापासून सीमा, नदी आणि ऊस ही तीन चित्रे हैतीच्या कथेतून हलत नाहीत. मराठवाड्याच्या मजुरावर अशी कत्तल ओढवली नाही. त्याचे मरण हप्त्याहप्त्याने येते, म्हणून त्याची कथा लिहायला अवघड आहे.

अंग

काळोखी कथेत शेवटी विकायला उरते ते अंग. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीवर काम करत असतो. खाण बंद पडते. नदीकाठच्या राखेत त्याला सोने सापडते आणि तो मढी उकरून त्यांच्या अंगावरचे सोने काढू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज दिल्यावर मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. जीव वाचतो, दोन बोटे जातात. आणि नेमके तेव्हाच कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. ज्या हातांनी दगड फोडायचे ते हात आता उरलेले नाहीत.

ही मराठीतली सर्वात पूर्ण काळोखी कथा आहे असे मी बेधडक म्हणतो. तिच्यात स्मशान आहे, रात्र आहे, कोल्हे आहेत, मढे आहे, म्हणजे भयकथेचा सगळा पसारा आहे. पण भीती त्यातल्या कशाचीच नाही. भीती खाण बंद होण्याची आहे आणि नंतर ती सुरू होण्याची. भूक आणि भूत एकाच खड्ड्यात उतरतात. अण्णाभाऊंना हे जमले, कारण तमाशा, पोवाडा आणि गिरणगाव तिन्ही त्यांच्या हाडामांसात होते. अद्भुताची त्यांना लाज वाटत नव्हती.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) आणि ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) या संग्रहांनी अंगाची हीच किंमत शहराच्या वस्तीत मोजली. पहिल्या संग्रहाच्या शीर्षककथेत नायक परक्या गावी रेल्वेच्या नोकरीसाठी जात लपवतो आणि ती कळताच मार खातो. लपवणे, ओळख फुटणे, शिक्षा होणे, असा हा गुन्हेकथेचाच सांगाडा आहे. फक्त गुन्हा म्हणजे जन्म.

मराठवाड्याच्या मातीत ही परंपरा भास्कर चंदनशिवांकडे येते. ‘लाल चिखल’ कथा शाळेच्या पुस्तकातून अनेकांनी वाचलेली आहे. भाव न मिळालेला बाप भरबाजारात आपले टोमॅटो पायांखाली तुडवतो आणि पोर ते बघत राहते. त्या कथेत कुणी मरत नाही. तरी बाजाराच्या जमिनीवरचा तो लाल रंग कशाचा आहे हे शिक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. मालाचे रक्त झाले, एवढ्या एका दृश्यात सगळी कथा मावली.

परभणीत राहून पत्रकारिता करणारे आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधी त्यांचा ‘इडा पीडा टळो’ आला होता. परभणी-हिंगोलीच्या आजच्या गावाचा काळोख समजून घ्यायला या दोन संग्रहांइतके जवळचे दुसरे काही मला ठाऊक नाही. जुन्या ग्रामीण कथेतला दुष्ट पाटील किंवा सावकार इथे सहसा एकटा भेटत नाही. इथे निवडणूक आहे, योजना आहे, गावकीच्या चाली आहेत आणि सगळे कायदेशीर आहे. कथा लांब असतात, सावकाश आवळत जातात. लोमटे बातमीदार आहेत, त्यामुळे कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना माहीत आहे. टेलरने ज्या परवान्याकडे पाठ फिरवली तो परवाना लोमटे हातात घेऊन वाचतात. माझी तक्रार एवढीच की त्यांच्या गावात रात्र फारशी होत नाही.

याच प्रदेशात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये काय घडले ते आठवावे. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या काही कर्जबाजारी शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आपले अवयव विकायला काढले. पत्रात दर होते: डोळे २५ हजार, मूत्रपिंड ७५ हजार, यकृत ९० हजार. सोयाबीनचे उत्पन्न हातचे गेलेले, कर्ज तसेच. आंदोलनाचा एक प्रकार म्हणून ते पत्र लिहिलेले होते हे खरे. पण दरपत्रक लिहिताना प्रत्येक अवयवापुढे आकडा घालावा लागतो आणि कुणीतरी तो बसून ठरवलेला असतो. भीमाची बोटे, ती जोझेफचे मजूर आणि हे दरपत्रक एका ओळीत मांडले की काळोखी कथेला अंग इतके का लागते ते कळते. दुसरे सगळे आधीच तारण पडलेले असते.

बाई, भानामती, लुगारू

दांतिका यांच्या १९९५ च्या ‘क्रिक? क्रॅक!’ या संग्रहात १९३७ हे साल शीर्षक म्हणून वापरलेली कथा आहे. निवेदिका पोर्ट-ओ-प्रिन्सच्या तुरुंगात आईला भेटायला जाते. आईवर आरोप आहे की ती लुगारू आहे, रात्री आगीचे पंख लावून उडते आणि लेकरांचा जीव घेते. तुरुंगातल्या अशा बायकांची डोकी भादरलेली आहेत. रोज रात्री पहारेकरी त्यांच्यावर गार पाणी ओततात, अंगात पंख फुटण्याइतकी ऊब राहू नये म्हणून. त्याच आईने कत्तलीच्या रात्री पोटुशी असताना नदी ओलांडली होती आणि त्याच रात्री ही मुलगी जन्मली होती. उडण्याचा आरोप खोटा आहे, आणि तरी त्या रात्री ती नदीवरून उडाली होती असेच मुलीला वाटते. चेटकीण ठरवणे ही सत्तेची भाषा आहे आणि पंख ही बायकांची. कथा दोन्ही एकाच वेळी बोलते.

संग्रहाचे नावही ऐकणाऱ्याबद्दल काही सांगते. हैतीत गोष्ट सांगणारा आधी ‘क्रिक?’ विचारतो, ऐकणारे ‘क्रॅक!’ म्हणतात, मगच गोष्ट सुरू होते. आपल्याकडे हुंकार देणारा लागतो तसेच. टेलरच्या ठगाला हुंकार देणारा साहेब होता. इथे मांडीला मांडी लावून बसलेली माणसे आहेत.

आता मराठवाड्याची भानामती. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, आणि बायका कुत्र्यासारख्या भुंकतात किंवा मांजरासारख्या ओरडतात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या पट्ट्यात हे सांगितले-ऐकले गेलेले आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांत जाऊन तपास केले आणि बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट पुढे आली. घरातलेच कुणीतरी हे करत असते, आणि भुंकणारी बाई बहुधा ती असते जिला त्या घरात बोलायची दुसरी सोय नसते. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा राज्यात आला.

तपासाचा हा निष्कर्ष म्हणजे तयार काळोखी कथाच. घरात गुन्हा आहे, गुन्हेगार घरातच आहे, तीच बळी आहे, आणि गुन्हा उघड झाला तरी तिचे काहीच सुटत नाही, कारण सासर तेच, नवरा तोच, विहीर तीच. पुढे तिचे काय झाले हे कार्यकर्त्याच्या अहवालात मावत नाही. ते कथेने सांगायचे.

आणि इथेच मराठी कथेची एक विचित्र वाटणी दिसते. ग्रामीण आणि दलित कथा बहुतांशी शिक्षक-प्राध्यापकांनी, चळवळीत वाढलेल्या माणसांनी लिहिली. त्यांनी भूक, कर्ज, जात, बाजार सगळे प्रामाणिकपणे मांडले, पण भुताला हात लावला की आपण अंधश्रद्धा पसरवू या धाकाने भानामती भगताकडे आणि प्रबोधनाच्या पुस्तिकेकडे सोडून दिली. दुसरीकडे गूढकथा लिहिणाऱ्यांनी भूत उचलले आणि भूक शहराच्या वेशीवर सोडली. धारपांचा नायक समर्थ अमंगळ शक्तींना हाकलतो, पण त्या कुणाच्या जमिनीवर उभ्या आहेत हे विचारत नाही. अपवाद आहेत. चारुता सागरांच्या कथांत देवाला सोडलेली माणसे आणि रानातली भीती पोटाच्या प्रश्नाला घट्ट चिकटून येतात. जी. ए. कुलकर्ण्यांकडे नियतीचा काळोख आहे, पण त्यांची सत्ता फार वर, आभाळात बसलेली असते. तहसील कचेरीत ती क्वचितच भेटते. परभणीचे बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करत लिहिते राहिले आणि १९५३ मध्ये वयाच्या चाळिशीत गेले. त्यांच्या लेखनात दहशतीखालच्या कनिष्ठ मध्यमवर्गाची घुसमट आहे. ती बहुतेक दिवसाउजेडीची घुसमट आहे.

हैतीच्या लेखकांनी ही वाटणी होऊ दिली नाही, आणि त्याचे कारण त्यांची प्रतिभा मोठी हे नव्हे. त्यांच्या राज्यकर्त्यांनीच भूत आणि बंदूक एकत्र आणली होती. तोंतों माकूत पोरांच्या गोष्टीतून उठून आला होता, तेव्हा लेखकाला त्याच्याशी त्याच गोष्टीच्या मैदानात भिडणे भाग होते. दांतिकांच्या ‘समुद्राची लेकरे’ अशा नावाच्या कथेत एक तरुण गळक्या होडीतून देश सोडतो आणि मागे राहिलेली प्रेयसी माकुतांच्या छळाविषयी लिहिते. दोघांची पत्रे एकमेकांना कधीच पोचत नाहीत. तिथे भूत नाही, तरी वाचताना मेलेल्यांचा आवाज ऐकतो आहोत असे वाटते. लेखिकेने मृतांना बोलू देण्याचा हक्क आधीच मिळवून ठेवलेला असतो.

भानामतीवर कथा लिहिली तर अंधश्रद्धा वाढेल ही भीती मला पटत नाही. भगत सांगतो की करणी शेजारणीने केली. कथेला हे सांगता येते की करणी ज्या घरात झाली त्या घराच्या सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे, सुनेचे माहेर किती तुटले आहे, आणि ऊसतोडीच्या हंगामात ती कुणाच्या कोपीत राहिली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून अंगातला अवयवच काढून टाकायचा, या व्यवहाराइतकी अघोरी करणी कुठल्या भगताच्या पोतडीत आहे? त्यावर बातम्या झाल्या, अहवाल झाला. मीठ चाखून जागी झालेल्या बाईची गोष्ट अजून लिहायची आहे.

संपादकांना एक विनंती

हे काम एकट्या लेखकाने होणारे नाही. ‘हैती नॉयर’चा खरा उपयोग असा झाला की फ्रेंच, क्रिओल आणि इंग्रजीत, देशात आणि परदेशात विखुरलेले लेखक एका पुठ्ठ्यात आले. तीन वर्षांनी जुन्या नामवंत कथांचा दुसरा खंडही निघाला. मराठवाड्याच्या काळोखी कथांची अशी निवड कुणा संपादकाने मनावर घ्यावी. बी. रघुनाथांपासून सुरुवात करावी, चंदनशिव आणि लोमटे घ्यावेत, धारप-मतकरींच्या वाटेने जाणाऱ्या आजच्या तरुणांपैकी ज्यांनी गाव पाहिले आहे त्यांना नवी कथा मागावी, आणि ऊसतोडीच्या टोळीत वाढून आता शाळा-महाविद्यालयांत शिकवणाऱ्या मुलामुलींना तर आवर्जून मागावी. प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीचा, हरीसिंगाचा आणि त्या कापडाच्या परवान्याचा उल्लेख अवश्य यावा. दिवाळी अंकांच्या संपादकांनी एखाद्या वर्षी नुसत्या भानामतीवर कथा मागवल्या तरी सुरुवात होईल. अट एकच ठेवावी: भूत चालेल, पण त्याची मजुरी कोण उचलतो ते कथेत आले पाहिजे.